छताला परवानगी नाही

धाकटा — पुन्हा दाबू का?

ताई — दाब. अकरा वेळा दाबलंस. बाराव्यांदा कंटाळून बंद होईल.

गाडी — छताला हलण्याची परवानगी नाही.

ताई — ही बाई कोण?

धाकटा — गाडी बोलते, ताई. हिच्यात भाषा निवडता येते.

ताई — का परवानगी नाही, ते सांगते?

धाकटा — नाही. एवढंच म्हणते.

ताई — मग आपल्या घरात शोभेल.

बाबा — आज निघायचंय की उद्या?

धाकटा — निघतोय, बाबा. पाच मिनिटं.

बाबा — पाच-पाच मिनिटं करत पाऊण तास झाला. मी पट्टा लावून बसलोय.

धाकटा — म्हणून म्हणतो, खाली उतरा. खुर्ची आणून देतो.

बाबा — नको. उतरलो तर म्हणाल, कुठे बसला होता ते म्हातारा विसरला.

ताई — बसू दे त्यांना. तू सांग, येताना उघडी आणलीस?

धाकटा — हवा छान होती. रस्ताभर उघडीच. इथे पोचलो, चहा घेतला, बाबांची बॅग ठेवून झाली आणि बटण दाबलं तर ढिम्म.

ताई — आणि दातांचे डॉक्टर तुम्ही. आ वासून बसलेली गाडी तुम्हाला मिटवता येत नाही?

धाकटा — पेशंट आपलं तोंड आपण मिटतो, ताई. मी नाही मिटत.

ताई — तुझ्यासमोर कोणीही मिटणारच. सुटलो म्हणून.

धाकटा — हे बघ, तशीच नेऊ का? सावकाश चालवतो.

ताई — चार तास? त्या वाऱ्यात? त्यांच्या छातीत आत्ताच घरघर आहे. तिकडे पोचेपर्यंत तुझ्या शेजारी नुसती कानटोपी उरेल.

बाबा — कानटोपी बॅगेत आहे. डोक्यावर नाही. हिचं लक्ष बघ.

धाकटा — मॅन्युअलमध्ये सगळं क्रमाने दिलंय. मी वाचतो, तू तपास. एक, इंजिन चालू हवं.

ताई — चालू आहे. मघापासून फुकट पेट्रोल पितंय.

धाकटा — दोन, ब्रेकवर पाय हवा.

ताई — पाय तुझा. बघ, आहे का.

धाकटा — आहे. तीन, बाहेरचं तापमान शून्याखाली नको.

ताई — थांब, घाम पुसून सांगते.

धाकटा — चार, डिकी पूर्ण लागलेली हवी. पाच, गाडी उतारावर नको.

बाबा — सहा, मालकाला अक्कल हवी.

धाकटा — बाबा.

बाबा — नाही लिहिलंय? लिहायला हवं होतं.

ताई — पुस्तक मीट. खाली ये, डिकी उघडू. पंप डिकीतच असतो. तेल बघते आधी.

धाकटा — तुला या गाड्या माहीत आहेत? म्हणजे तुझ्या गॅरेजमध्ये जास्त करून टेम्पो, व्हॅन…

ताई — माहीत नसलं तर तुझी गाडी घेऊन तू कुठे जाणारेस? ढकलत?

धाकटा — मी सहज विचारलं.

ताई — सहज म्हणजे कसं, ते मला गेली तीस वर्षं कळतंय. तेल आहे, खुणेपर्यंत. गळती नाही. आता मी इथे कान लावते. तू जा, ब्रेक धर आणि बटण दाब.

धाकटा — डिकी उघडी असताना चालेल?

ताई — लॉक पेचकसाने दाबलंय मी. तिला वाटेल बंद आहे. दाब.

गाडी — छताला हलण्याची परवानगी नाही.

ताई — पंप गुणगुणतसुद्धा नाही. बिघडला असता तर निदान कण्हला असता. त्याला हुकूमच जात नाहीये.

धाकटा — म्हणजे काय?

ताई — म्हणजे पंप ठीक आहे. कुठला तरी स्विच वर निरोप देतोय की अजून तयारी झालेली नाही. हा आतला पडदा कसला?

धाकटा — तो मला माहीत आहे. छत घडी होऊन डिकीत येतं ना, ते त्या पडद्यावर बसतं. सामान पडद्याच्या खाली ठेवायचं. पडदा ओढलेला नसेल तर छत हलतच नाही, नाहीतर सामानाचा चुरा होईल. म्हणून तर बाबांना म्हटलं, एकच बॅग आणा. छत खाली असलं की एवढीशीच जागा.

बाबा — अठ्ठ्याहत्तर वर्षं आणि एक बॅग. बसलं सगळं.

ताई — पडदा ओढलेला आहे?

धाकटा — आहे. नीट अडकवलाय. सकाळीच बाबांना दाखवला.

ताई — त्यांना कशाला?

धाकटा — त्यांनी विचारलं. छत कुठे जातं, कशावर बसतं, गाडीला कसं कळतं. अगदी लहान मुलासारखं कौतुक वाटत होतं त्यांना. तू चहा करेपर्यंत समजावत होतो.

ताई — तू बाबांना गाडी समजावलीस.

धाकटा — सोप्या भाषेत.

बाबा — फारच सोप्या.

ताई — बॅग कोणी ठेवली डिकीत?

धाकटा — त्यांनीच. मला हात लावू दिला नाही. मी कप धुवायला आत गेलो तेव्हा.

बाबा — माझी बॅग आहे. काल हिने झडती घेतली तिची. पाने काढून घेतले, पेचकस काढून घेतला. मी काय तुरुंगात चाललोय?

ताई — त्याच्या घरी जाऊन तुम्ही त्याच्या खुर्च्या खोलल्या असत्या.

बाबा — त्याच्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग गेलंय. फोनवर ऐकू येतं मला. पेशंटला वाटत असेल आपलेच दात वाजतायत.

धाकटा — बाबा, तिकडे तुम्ही फक्त आराम करायचा. काही खोलायचं नाही. मागच्या महिन्यात जे झालं ते पुरे.

बाबा — काय झालं?

धाकटा — जाऊ द्या ना.

बाबा — नाही, सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे. मला आठवत नाही ना.

धाकटा — ताईने सांगितलं तेवढंच मला माहीत. त्या शाळेच्या बाईंच्या चाकाचे नट तुमच्याकडून आवळायचे राहिले आणि वळणावर चाक निघून गेलं. बाईंच्या कपाळाला टाके पडले. वयाप्रमाणे होतं, बाबा. कोणी दोष देत नाहीये.

बाबा — कोणी म्हणजे कोण?

ताई — तुम्ही दोघं गप्प बसाल का? मला बारा वाजता बेकरीवाल्याची व्हॅन द्यायची आहे आणि मी इथे या खेळण्यात डोकं घालून बसलेय.

बाबा — त्याची चाकं झाली?

ताई — झाली. सकाळीच.

बाबा — हा हॉर्न वाजवत आला तेव्हा?

ताई — तेव्हाच. डॉक्टर, टॉर्च आण. या कडेच्या पत्र्याच्या आत काही दिसत नाही.

धाकटा — फोनची आहे की.

ताई — फोन तू धरून उभा राहणार आणि धरलास की बोलणार. वरची आण. बाबांच्या टेबलाच्या कप्प्यात आहे.

(धाकटा जिना चढून वर जातो. खाली इंजिन चालूच.)

ताई — बाबा.

बाबा — काय?

ताई — पडद्याच्या स्विचचा प्लग निघालाय.

बाबा — निघतात. नव्या गाड्या आहेत.

ताई — आपोआप निघालेला नाही. काढून, टेप गुंडाळून, बाजूला खोचून ठेवलाय. पत्र्यावर आपटून आवाज होऊ नये म्हणून.

बाबा — कंपनीने ठेवला असेल. चांगली कंपनी दिसते.

ताई — टेपचं टोक दुमडलंय.

बाबा — असेल.

ताई — टेपचं टोक दुमडून कोण ठेवतं? पुढच्या सोडवणाऱ्याची नखं झिजू नयेत म्हणून? उभ्या जन्मात मी दोनच माणसं बघितली. एक तुम्ही.

बाबा — दुसरी तू. तूच लावली असशील.

ताई — बॅगेतून सगळं काढलं मी. टेपचं रीळ राहिलं.

बाबा — झडती घेताना पण अर्धवट.

धाकटा, वरून — ताई, कुठल्या कप्प्यात?

ताई — खालच्या!

धाकटा, वरून — खालचा अडकलाय.

ताई — उचलून ओढ! बाबा, जायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतं.

बाबा — सांगून काय होतं? मी काही बोललो की तुम्ही एकमेकांकडे बघता.

ताई — हौस म्हणून पाठवत नाहीये मी तुम्हाला. एका बाईच्या कपाळाला तीन टाके पडलेत.

बाबा — चार.

ताई — काय?

बाबा — चार टाके. तू बघायला गेली होतीस?

ताई — फोन केला होता मी.

बाबा — मी गेलो होतो. चालत. चार आहेत. डाव्या भुवईच्या वर.

ताई — का गेलात?

बाबा — माझ्या नावावर आहेत ना. मोजून घेतले.

धाकटा, वरून — ताई, इथे टॉर्च नाहीये. खडूच्या कांड्या आहेत नुसत्या, पिवळ्या. आणि रुमालात गुंडाळलेला एक नट आहे. चाकाचा असावा.

बाबा — घेऊन ये म्हणावं.

ताई — कसला नट?

बाबा — त्याच गाडीचा. आपण टोचन करून आणायला गेलो होतो, तू दोर बांधत होतीस. मी कडेने चालत गेलो. गटारापाशी सापडला.

ताई — मग ठेवायचा कशाला? आठवण म्हणून?

बाबा — त्याच्यावर रेघ आहे.

ताई — असणारच. आपल्या गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नटावर रेघ असते.

बाबा — कधी मारतो रेघ?

ताई — बाबा, आत्ता हे…

बाबा — कधी मारतो, उस्ताद?

ताई — आवळल्यावर.

बाबा — मग आवळलेला नट सुटला कसा?

ताई — आटे गेले असतील.

बाबा — मी हाताने फिरवून बघितला. आटे शाबूत आहेत. जोर लागलेला नट तुटतो किंवा आटे सोलतो. हा नुसता फिरत फिरत निघून गेला. बोटांनी लावलेला होता. आणि वर पिवळी रेघ, झोकात.

ताई — गाडी खाली तुम्ही घेतली होतीत.

बाबा — घेतली. तुझा फोन आला, तू आत गेलीस. मी जॅक उतरवला. पाना उचलला होता. वाकून बघितलं तर रेघा. पाचही नटांवर. रेघ दिसली की समजायचं झालंय, परत हात लावायचा नाही, हे तुला कोणी शिकवलं?

ताई — तुम्ही.

बाबा — मीच शिकवलेलं मी ऐकलं. तेवढी एक चूक माझी.

ताई — जॅकवर असताना नट डोळ्यांसमोर असतात. खाली घेतली की कंबरेत वाकावं लागतं. पहिला पाना फिरवला की कळ मारते, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून रेघा आधी मारून घेते. वाकणं एकदाच व्हावं म्हणून.

बाबा — कधीपासून?

ताई — दोन वर्षं झाली असतील.

बाबा — दोन वर्षं. आणि विसरभोळा मी.

ताई — मला खरंच वाटलं होतं, बाबा, की तुम्ही आवळणार होतात आणि राहून गेलं.

बाबा — पहिल्या दिवशी वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी नाही. तेव्हापासून तू माझ्या चेहऱ्याकडे बघून बोललेली नाहीस. माझ्या शर्टाच्या बटणांशी बोलतेस.

ताई — मग तेव्हाच बोलायचं होतंत. बाईंच्या समोर.

बाबा — काय बोलायचं? गिऱ्हाईक म्हाताऱ्याला माफ करतं. वय झालं म्हणतं, चुकचुकतं, परत गाडी घेऊन येतं. तुला केलं असतं? बाईमाणूस पाने चालवते म्हणून आधीच चार जण वाकून बघून जातात. म्हणून म्हटलं, जाऊ दे, माझ्या अंगावर येऊ दे. अंग आता कशाला राखायचंय.

ताई — मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

बाबा — नाहीच सांगितलंस. तू फक्त फोन उचललास आणि या शहाण्याला बोलावलंस. मी अंगावर घेतलं ते इथे राहून. गाशा गुंडाळून मला दातांच्या दवाखान्यात ठेवून यायचं, हे कुठे ठरलं होतं?

ताई — म्हणून प्लग काढलात.

बाबा — तुला वेळ काढून दिला. पाऊण तास. म्हटलं, छताचं बघता बघता बोलेल काहीतरी. तू तेल बघितलंस.

धाकटा — हा घ्या नट. टॉर्च कुठेच नाही. सगळा कप्पा उपसला.

ताई — माझ्या खिशात होती.

धाकटा — म्हणजे? मग मला वर कशाला पाठवलंस?

ताई — दे तो नट इकडे. डिकी लावलीय मी. जा, ब्रेकवर पाय ठेव. दाब बटण.

गाडी — छत बंद होत आहे. कृपया हात आत ठेवा.

धाकटा — अरे. चाललं की. काय होतं?

ताई — एक प्लग निघाला होता.

धाकटा — सर्व्हिसिंगवाल्यांचं काम. मागच्याच आठवड्यात दिली होती. काय एकेक माणसं भरतात, हातात पाना दिला की झाला मेकॅनिक. सोडत नाही मी त्यांना.

बाबा — सोडू नकोस.

गाडी — छत बंद झाले आहे. प्रवास सुखाचा होवो.

बाबा — हिला कोणीतरी आवरा.

धाकटा — चला मग. ताई, बाबांच्या गोळ्यांचा कागद बॅगेत टाकलायस ना? आणि तिकडे पोचलो की मी फोन करतो, दर रविवारी बोलणं होईलच, तू काळजी…

ताई — थांब जरा. इंजिन बंद कर.

धाकटा — का? आत्ता कुठे सगळं…

ताई — ते चाक मी लावलं होतं.

धाकटा — कुठलं चाक?

ताई — शाळेच्या बाईंचं. नट मी लावले, रेघा मी मारल्या, आवळले नाहीत. बाबांचा काही संबंध नाही.

धाकटा — पण फोनवर तू तर म्हणालीस…

ताई — फोनवर मी खोटं बोलले.

धाकटा — बाबा, ही काय म्हणतेय?

बाबा — मला काय विचारतोस? मला आठवत नसतं.

धाकटा — ताई, मी तीन दिवसांचे पेशंट पुढे ढकललेत. खालची खोली रिकामी केली. बायकोशी भांडलो. आणि तू आता मला सांगतेस?

ताई — आता सांगते. आधी सांगायला हवं होतं. आणि संध्याकाळी बाईंकडे जाऊन त्यांनाही सांगणार आहे.

बाबा — गिऱ्हाईक जाईल.

ताई — जाऊ दे.

बाबा — एक गेलं की चार जातात.

ताई — ऐकलं मी. जाऊ देत.

धाकटा — मग आता बाबा येतायत की नाही, तेवढं तरी कोणी सांगेल का?

बाबा — या पट्ट्याचं बटण कुठे असतं?

धाकटा — उजव्या हाताला, बाबा. लाल. जोरात दाबा.

बाबा — जोरात म्हणे. दात काढतोय जसा. हां, सुटला.

ताई — हात द्या.

बाबा — नको. माझी बॅग काढ आधी. आणि ती टेप तिथे चिकटवून ठेवू नकोस, रिळावर परत गुंडाळ.

ताई — टोक दुमडून.

बाबा — सांगावं लागतंय का? डॉक्टर, जेवून जा. एवढ्या लांब आलायस, नाहीतरी हिने बोलावलंय खोट्यानं.

धाकटा — तुम्ही दोघं ना, मला कायम पाहुण्यासारखं…

बाबा — पाहुण्याला गाडी समजावत नाही कोणी. तू समजावलीस. घरचाच आहेस. बेकरीवाला बारालाच येणार ना?

ताई — बारालाच. दहा मिनिटं आहेत.

बाबा — त्याच्या चाकांवर रेघा दिसतायत. इथून.

ताई — हो.

बाबा — आवळलेत?

ताई — आठवत नाही, बाबा.